हाली न्हाई

मदत कुणी केली ते आधी सांगते. पुढचं वाचून माझ्याबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटेल, पण त्यांच्याबद्दल कुणाच्या मनात किंतु राहू नये. मदत केली ती बिदरच्या तहसील कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या एका मामांनी. त्यांना सगळे उर्दूवाले मामा म्हणतात. आमच्या भागातले निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं आता फार उरली नाहीत. भावाभावांत वाटणीचा दावा लागला, की पिवळा पडलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून मामांच्या मांडीवर येतो. मामा तो वाचतात, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये उतरवतात आणि खाली 'नीट वाचलं' असं लिहून सही करतात. जिथलं अक्षर पुसलेलं असेल तिथं 'वाचता येत नाही' असंही लिहितात, अंदाज लिहीत नाहीत. म्हणून वकील लोक त्यांच्या कागदाला मान देतात.

मामांचं वय सत्तरीच्या पुढचं. उर्दू कशी शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मराठीच्या मास्तरांनी मला दारापाशी बसवलं. उर्दूच्या मास्तरांनी पुढं बसवलं. फळा जिथून दिसला ती भाषा आली." त्यांचं घर धम्म घेतलेल्यांपैकी. हे सगळं ते हसत सांगतात. ऐकणाऱ्याला मात्र हसावं का नाही ते कळत नाही.

मी अफजलपूरकडची. भीमेच्या काठचं गाव, आजूबाजूला ऊस, बाजारात कन्नड, घरात मराठी. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न झालं, ते दीड वर्षाच्या वर टिकलं नाही. माहेरी बसून राहिले तर पाठच्या बहिणीचं अवघड होईल, असं घरात कुणी बोललं नाही, पण ताटं वाढताना ते ऐकू यायचं. ओळखीच्या एका बाईनं बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं काम लावून दिलं आणि मी बिदरला आले. गावाला जायचं तर दोन बस आणि अख्खा दिवस. नकाशात हे लांब दिसत नसेल, पण मला आजही ते लांबच वाटतं.

मामांची ओळख आधार कार्डावरचा पत्ता बदलताना झाली. फॉर्म मी दोनदा उलटसुलट करून पाहिला. मी मामांना म्हटलं, "तुमीच लिहा, माझ्या हाताला लागलंय."

"कुठल्या?"

गडबडीत मी डावा हात पुढं केला.

"मग उजव्यानं लिही," मामा म्हणाले आणि पेन माझ्याकडं सरकवलं. एकेक रकाना ते वाचून सांगत होते, मी लिहीत होते. पाऊण तास गेला. मागचा माणूस कुरकुर करायला लागला तर त्याला म्हणाले, "तुझी पाचवी पिढी भांडायलीय त्या जमिनीवरून. अजून अर्ध्या तासानं काय बिघडतंय?"

त्यानंतर पहिल्या पाळीहून दोनला सुटले, की आठवड्यातून एकदा तरी मी त्या पायरीवर जायची. कधी काम असायचं, कधी नसायचं.

कारखान्याजवळच्या कमठाणा गावात मला खोली दिली ती एका अक्कांनी. एकट्या बाईला खोली मिळणं किती अवघड असतं ते एकट्या बायांना सांगायला नको. सहा घरांनी मला विचारलं, नवरा कुठाय? अक्कांनी विचारलं, "तिखट किती खातीस? लई खात असशील तर तुझं तू कुटायचं." झालं. त्यांची मागची खोली माझी झाली. अक्का माणसांशी मराठी आणि म्हशीशी कन्नड बोलत. कामून असं, म्हटलं तर म्हणाल्या, "ती कर्नाटकातच जन्मली. मी उदगीरकडनं आले."

अक्कांचे मालक चार वर्षांपूर्वी वारले होते. त्यांचा विषय निघाला नाही असा एक दिवस जात नसे. आमचे मालक म्हणायचे, भात वाफेवर सोडावा. आमचे मालक म्हणायचे, शेजारच्याला आधी राम राम घालावा, मग भांडावं. आणि मालकांचा विषय निघाला की नाण्याचाही निघे.

शेतात पाइपलाइनचा चर खणताना मालकांना एक तांब्याचं नाणं सापडलं होतं. रुपयापेक्षा लहान, पण जाड. एका बाजूनं काळपट हिरवं, त्यावर किड्यांनी वळवळावं तशी अक्षरं. मालकांनी ते गावभर दाखवलं आणि बादशहाच्या वेळचं आहे म्हणून सांगितलं. चहाच्या हॉटेलात कुणी म्हणालं, इंजिनाचं वायसर आहे. कुणी म्हणालं, कोटाचं बटण. अक्कांचे धाकटे दीर समोरच राहायचे. त्यांनी सांगून टाकलं, "बिदरच्या उरुसात असले ढिगानं मिळत्यात. दादानं इकत आणलं आन चरात सापडलं म्हणून सांगायलाय." तेव्हापासून मालकांचं नाव पडलं राजेसाहेब. राजेसाहेब, गादी कुठाय? राजेसाहेब, म्हशीला पाणी पाजलं का? अक्का सांगायच्या, मालक वर हसायचे आणि घरात आले की जेवायचे नाहीत. ते गेले त्या दिवशीही तिरडी बांधताना कुणीतरी हळूच ते नाव घेतलं, आणि ते अक्कांनी ऐकलं.

एक दिवस अक्कांनी ते नाणं हळदीच्या डबीतून काढून माझ्या हातावर ठेवलं.

"तू शहरात जातीस. कुणाला तरी दाखव. सोनं न्हाई ते मलाबी दिसतंय, मला काय इकायचं न्हाई. एवढंच इचार, जुनं हाय का न्हाई. आमचे मालक खरं बोलले का खोटं, तेवढं मला मरायच्या आधी कळू दे."

मी आधी कारखान्यातल्या एका मैत्रिणीला दाखवलं. तिनं फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला. उत्तरं आली ती अशी: शिवराई आहे, ताईत आहे, गॅसच्या शेगडीचा तुकडा आहे. म्हणून मग मी मामांकडे नेलं.

त्या दिवशी पायरीवर गर्दी होती. आत झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं, मामांच्या तोंडात सुपारी होती, मांडीवर कुणाचा तरी कागद होता आणि तो कागदवाला त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. मी नाणं पुढं केलं. मामांनी ते डोळ्याजवळ नेलं, उलटं करून पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "हाली न्हाई हे. परवा ये." परवा ये हे ते कागदवाल्याला म्हणाले, असं मला वाटलं.

मला ऐकू आलं ते 'हळे न्हाई'.

कन्नडमध्ये हळे म्हणजे जुनं. आमच्याकडं जुन्या बस स्टँडला हळे बस स्टँडच म्हणतात. मामांच्या बोलण्यात तिन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्या असत. मराठीत बोलता बोलता एखादा शब्द कन्नडचा यायचा, एखादा उर्दूचा. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. हळे न्हाई, म्हणजे जुनं नाही. शब्द जरा वाकडा वाटला होता, हे मी आज कबूल करते. मामा, काय म्हणालात, एवढं विचारायला पाहिजे होतं. पण कळलं नाही तरी मान हलवायची, ही माझी शाळेपासूनची खोड आहे. वर्गात बाई विचारायच्या, कळलं का? मी मान हलवायची. बाई पुढच्या धड्याला जायच्या. असं करत करत मी सातवीपर्यंत गेले.

त्या दिवशीही मी मान हलवली आणि निघाले.

अक्का भाकरी थापत होत्या. मी सांगितलं, "अक्का, जुनं न्हाई म्हणत्यात."

त्यांचा हात थांबला नाही. ती भाकरी त्यांनी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाल्या, "बरं. इचारलंस ते बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरत होते. अक्का कुंपणापाशी गेल्या आणि समोरच्या दारात दात घासत उभ्या असलेल्या दिराला म्हणाल्या, "भावजी, तुमचंच खरं होतं. उरुसातलंच होतं ते."

दीर दात घासायचे थांबले. त्यांनाही ते अपेक्षित नसावं. चूळ टाकून म्हणाले, "जाऊ द्या वैनी. दादा तसा चांगला मानूस होता."

त्या 'तसा'नं अक्कांचं काय झालं ते मी पाहिलं. त्या आत आल्या. पाण्याच्या रांजणाची तिवई एका पायानं डुगडुगत होती. अक्कांनी नाणं घेतलं आणि त्या पायाखाली सरकवलं. तिवई डुगडुगायची थांबली. त्या दिवसापासून आमचे मालक म्हणायचे, हे वाक्य त्या घरात ऐकू आलं नाही.

दोन आठवड्यांनी मी मामांकडे गेले, दुसऱ्याच कामाला. मामा म्हणाले, "अगं, ते नाणं कुठाय? परवा ये म्हटलं होतं, तू तर पंधरवडा घालवलास."

"तुमीच म्हणलात ना, हळे न्हाई म्हणून."

 मामा हसायला लागले, सुपारी घशात अडकेपर्यंत. "हळे न्हवं गं. हाली. हाली सिक्का. निजामाच्या राज्यात जे चालायचं ते हाली नाणं. हाली म्हणजे चालू. इंग्रजांचं ते कलदार, आपलं ते हाली. तुझ्या आज्याला इचार. मी म्हणलो हे हाली न्हाई, म्हणजे निजामाचं न्हाई, त्याच्या मागचं हाय, लई मागचं. कन्नड पेपर वाचत न्हाईस काय? हाली आमदार, माजी आमदार." आणि मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "तू काय सांगितलंस घरी?"

एका शब्दाचा अर्थ चालू, दुसऱ्याचा जुनं, आणि मी एकाच्या जागी दुसरा ऐकून एका मेलेल्या माणसाला खोटं ठरवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, मी घरी जाऊन तो वाकडा वाटलेला शब्द जसा कानावर पडला तसाच सांगितला असता, तर अक्कांना कळलं असतं. त्यांच्या सासऱ्यांच्या तोंडात हाली रुपया हा शब्द रोजचा होता, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मी शब्द सांगितला नाही. मला कळलेला अर्थ सांगितला.

मामांनी नाणं आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अक्का दूध घालायला गेल्या तेव्हा मी तिवईच्या पायाखाली फरशीचा तुकडा सारला आणि नाणं घेऊन गेले. चोरासारखी.

त्या दिवशी मामांनी दुसरं काम घेतलं नाही. आधी विचारलं, "चिंचेनं घासलं न्हाई ना?" मी म्हटलं, न्हाई. "देव पावला. लोक देवाच्या तांब्यावाणी घासत्यात आन अक्षर धुऊन टाकत्यात." मग नाण्यावर पातळ कागद ठेवून त्यांनी शिसपेन्सिल आडवी फिरवली. काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली. नुसत्या डोळ्यांना जिथं वळवळ दिसत होती, तिथं उभ्या रेघा आणि वाट्या दिसायला लागल्या. मामा भिंगातून एकेक रेघ बघत होते, ओठ हलवत होते. कडेची अक्षरं अर्धीच होती. ते म्हणाले, "साचा मोठा आन तांबं लहान. ठोकताना जेवढं मावलं तेवढं उठलं." मधे एका जागी बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, सुलतान. ही शेवटची नून, आपला न." दुकानदाराकडून त्यांनी फोन मागून घेतला, कुठल्याशा संग्रहालयातली चित्रं उघडली, तसल्या नाण्यांशी दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. शेवटी म्हणाले, "बहमनी. पाचशे वर्षांच्या वरचं. बिदरातच पाडलं असंल, पण ते मी छातीठोक सांगत न्हाई. गावाचं नाव असतं तिथं तुटलंय."

"लई मोलाचं हाय का?"

"न्हाई. ह्या भागात अशी पुष्कळ निघत्यात. पण खरं हाय."

एका चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: तांब्याचं, बहमनी, पाचशे वर्षांच्या वर, नीट वाचलं. खाली तारीख, सही. "आजच्या आज दे अक्काला. त्या बाईच्या जिवाला काय झालं असंल."

मी चिठ्ठी डब्याच्या पिशवीत ठेवली. नाणं परत तिवईखाली ठेवलं. आणि सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला समजावून पाहिलं आहे. मला भीती वाटली. अक्का म्हणतील, साधा निरोप आणता येत न्हाई तुला? दीर म्हणतील, अशी अडाणी बाई ठेवलीत घरात. खोली जाईल. मग परत सहा दारं, नवरा कुठाय. हे सगळं खरं आहे. पण भीती पहिले दोन-तीन दिवस होती. त्यानंतर नुसती सवय झाली. रोज पाळीला जाताना पिशवी खांद्यावर घ्यायची, चिठ्ठी आत आहे हे माहीत असायचं, आणि संध्याकाळी अक्कांच्या हातचं कालवण वाढून घ्यायचं.

त्यातच मालकांचं त्या वर्षीचं श्राद्ध आलं. दर वर्षी अक्का पान वाढून फोटोपुढं ठेवत आणि पानाच्या उजव्या अंगाला ते नाणं ठेवत. या वर्षी नाणं नव्हतं. दीर, जाऊबाई सगळे जेवायला होते. मी वाढत होते. कुणाच्या तरी लक्षात आलं, कुणी विचारलं नाही. अक्का फोटोकडं न बघता पान ठेवून उठल्या. चिठ्ठी तेव्हा माझ्या खोलीत, खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत होती. दहा पावलं. मी भात वाढत राहिले. खीर किती गोड झाली, असंही कुणाला तरी म्हणाले.

पुढच्या खेपेला मामांनी विचारलं, "चिठ्ठी दिलीस?"

"दिली."

"काय म्हणाल्या?"

"रडल्या," मी म्हटलं. इतकं सहज म्हटलं की मलाच धक्का बसला.

मामांना फार बरं वाटलं. आणि म्हणूनच पुढचं झालं. त्या रविवारी सकाळी मी अंगणात डोक्यावरून पाणी घेऊन केस वाळवत होते, तर फाटकाशी मामा. स्वच्छ पांढरा सदरा, काखेत फाइल. अक्कांना शेतातली ती जागा दाखवायला सांगावी, वहीत नोंद करून ठेवावी, म्हणून एवढ्या लांब बसनं आले होते.

"अक्का, मी तो नाणं वाचणारा."

अक्का शेणाचे हात तसेच धरून उभ्या. "कंचं? जुनं न्हाई म्हणलात ते?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. एवढंच. ओल्या केसांनी मी जिथं उभी होते तिथं उभी होते. मला वाटलं, आता ते सांगतील, आणि सांगावंच असंही वाटलं, आणि सांगू नये असंही. मामांनी फाइल खाली ओट्यावर ठेवली.

"व्हय, अक्का. त्याच्यासाठीच आलो. चूक माझी झाली. पहिल्यांदा मी घाईत बघितलं आन जुनं न्हाई म्हणून टाकलं. ह्या पोरीनं मी सांगितलं तसं तुम्हाला सांगितलं. मागनं नीट बघितलं तर ते बहमनी हाय. पाचशे वर्षं जुनं. तुमचे मालक खरं बोलत होते."

 अक्का हात न धुताच आत गेल्या, तिवईखालून नाणं काढून आणलं आणि समोरच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "भावजी, जरा या."

दीर आले. मामांनी पुन्हा तेच सांगितलं. कागद मागून नवी चिठ्ठी लिहिली, खाली त्या दिवसाची तारीख घातली. दिरांनी ती वाचली. भावाबद्दल बोलायचं टाळून ते मामांवर घसरले.

"म्हणजे तुम्ही घाईत वाचता व्हय? आमच्या सर्व्हे नंबरचा कागद तुमच्याकडनंच वाचून घेतलाय. त्यो कसा वाचला मग?"

"त्यो नीट वाचलाय."

"हेबी नीटच वाचलं असंल पहिल्यांदा." मग जरा हळू, पण ऐकू जाईल असं, "ज्यांच्या घरात कधी अक्षर न्हवतं, ते वाचायला बसले की असंच व्हायचं."

"भावजी," अक्का म्हणाल्या, "ते सोडा. राजेसाहेब कुणी म्हणलं होतं, ते सांगा आधी."

दीर खाली बघायला लागले. पायानं मातीत रेघ ओढत म्हणाले, "मीच म्हणलो होतो वैनी. चुकलं." अक्कांनी मान हलवली. त्यांना जे हवं होतं ते चार वर्षांनी त्यांना मिळालं होतं. पण त्या मामांकडं वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला.

"मामा, तुम्ही मोठे. पण तुमच्या एका शब्दापायी मी माझ्या मानसाला माझ्याच तोंडानं खोटं ठरवलं. श्राद्धाला त्याच्यापुढं हे ठेवलं न्हाई मी."

"व्हय, अक्का," मामा म्हणाले. "माफी असावी."

पुसट अक्षर दिसलं तर अंदाज लिहायचा नाही, हे आयुष्यभर पाळलेला माणूस मी न विचारलेल्या एका आणि न सांगितलेल्या दुसऱ्या वाक्यापायी माफी मागत होता. चहा मी केला. कपबशी त्यांच्या हातात मीच दिली.  मग अक्का त्यांना शेतात घेऊन गेल्या, चराची जागा दाखवली, आणि येताना मी ते वाक्य पुन्हा ऐकलं: आमचे मालक म्हणायचे, इथली माती काळी न्हाई, जुनी हाय.

बस स्टॉपपर्यंत मी मामांच्या मागनं गेले. मला रडू येत होतं, पण रडण्याचाही मला हक्क आहे असं वाटत नव्हतं.

"मामा, कामून केलात असं?"

"तुला दुसरी खोली कोण देणार?"

"पण तुमचं नाव..."

"हळे मानूस मी. चार ओरखडे आले तर काय." स्वतःच्याच विनोदावर ते थोडं हसले, मग थांबले. "पण रडल्या म्हणून सांगितलंस ते बरं न्हवं केलंस. चुकीचं ऐकणं येगळं. ते तुझ्या कानाचं. हे तुझं."

बस आली. ते चढले. खिडकीत बसल्यावर त्यांनी हात केला, नेहमीसारखा.

दिरांनी त्यांचा सर्व्हे नंबरचा कागद दुसऱ्या कुणाकडून पुन्हा वाचून घेतला. त्यात एक अक्षरही वेगळं निघालं नाही, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जे सांगितलं ते एवढंच: उर्दूवाला मामा आता घाईत वाचतो. कमठाण्यात आणि आजूबाजूच्या गावांत ते पसरलं. मी पायरीवर जायची तेव्हा मामा कधीकधी मोकळे बसलेले असत. पूर्वी तसे कधी दिसायचे नाहीत. मला बघून म्हणत, "बरं झालं आलीस. लिही काहीतरी." हे जे मी लिहिते आहे ते त्या रिकाम्या दुपारींनी शिकवलेलं आहे. कुठला शब्द कळला नाही तर मी आता तिथल्या तिथं विचारते, दुकानात, बसमध्ये, कारखान्यात. लोक हसतात. हसू देत.

अक्कांना मी अजून सांगितलेलं नाही. त्या माझ्याशी पूर्वीपेक्षा मायेनं वागतात. त्यांच्या मते मी नाणं नेलं म्हणून मालकांचं नाव धुऊन निघालं. पाहुण्यांना त्या हे सांगतात आणि मी तिथंच बसलेली असते. शेवटी म्हणतात, "पोरीनं चांगलं केलं, त्या वाचणाऱ्यानंच घोळ घातला होता." त्या वाक्याला मी आजवर कितीदा गप्प बसले ते मोजलेलं नाही. अक्कांना वाचता येत नाही, दीर असलं काही वाचत नाहीत, तेव्हा हे लिहिण्यात माझं काहीही धाडस नाही, हेही मला कळतं.

मामा, तुम्ही मात्र हे वाचाल, आणि नीट वाचाल. म्हणून तुम्हालाच सांगते. येत्या श्राद्धाला तुम्ही कमठाण्याला यायचं. अक्कांच्या ओट्यावर, पुढं बसायचं. समोरच्या घरातून दिरांना मी हाक मारीन. तुम्ही बसलेले असाल तेव्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी सांगेन, की मामांनी पहिल्यापासून बरोबर वाचलं होतं, चुकीचं मी ऐकलं, आणि कळल्यावर गप्प बसले तीही मीच. खोली गेली तर जाऊ दे. तुमचं मी काय फेडणार, पण तेवढं तरी फेडीन.